मन साक्षीदार की न्यायाधीश?

साक्षेप

‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ हा तुकोबांचा चरण इतक्या वेळा उद्धृत होतो की त्यातला एक शब्द आपण वाचायचाच सोडून दिला आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. हा चरण तोंडावर फेकणाऱ्या माणसाला बहुधा असे म्हणायचे असते की लोक काहीही म्हणोत, माझ्या मनाला पटले ते खरे. परंतु तुकोबांनी मनाला न्यायाधीश केलेले नाही. त्यांनी मनाला ‘ग्वाही’ केले, म्हणजे साक्षीदार केले. निकाल देणे हे साक्षीदाराचे काम नसते. जे पाहिले ते भीडभाड न ठेवता सांगायचे आणि मग उलटतपासणीला उभे राहायचे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. हा चरण ज्या अभंगात येतो तो अभंगही संतांच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे. बोलू नये, पण तुम्ही विचारलेत म्हणून बोलतो, अशा संकोचाने तुकोबा आपली हकीकत सांगतात आणि बुडालेला व्यवसाय, दुष्काळात अन्न अन्न करीत गेलेली पत्नी यांपैकी काहीही झाकून ठेवत नाहीत. तो सगळा अभंग म्हणजे एक जबानी आहे.

हा भेद शब्दांचा खेळ म्हणून मी मांडत नाही. मन न्यायाधीश असेल तर त्याच्यापुढे कुणी युक्तिवाद केला तरी शेवटचा शब्द त्याचाच राहतो, आणि मग दोन माणसांची मने परस्परविरुद्ध निकाल देऊ लागली की बळाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. मन साक्षीदार असेल तर मात्र त्याच्या सांगण्याला वजन असते, ते दडपणे हा अपराध ठरतो, आणि तरीही ते चुकीचे असू शकते, कारण प्रामाणिक साक्षीदारालाही अंधुक प्रकाशात भलताच चेहरा दिसू शकतो.

बहुमताचेही मला असेच वाटते. दहाजणांना एकत्र राहायचे असेल आणि कोणत्या दिशेने जायचे यावर एकमत होत नसेल, तर हात वर करून मोजणे हा डोकी फोडण्यापेक्षा कितीतरी सुसंस्कृत उपाय आहे. परंतु त्या मोजणीने फक्त काय करायचे ते ठरते. ते करणे योग्य होते का, हा प्रश्न मोजणी संपल्यावरही तसाच उभा असतो, आणि तो उभा राहू देण्याची सहनशक्ती ज्या समाजात नसते तिथे बहुमत स्वतःच साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश होऊन बसते.

माझी अडचण यापुढची आहे. आपल्या मनाने दिलेली साक्ष ही सदसद्विवेकाची आहे की निव्वळ हट्टाची, हे आतून ओळखायचे कसे? मला याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही, म्हणून हा धागा.

त्रिज्या

बहुमत फक्त ‘काय करायचे’ हे ठरवते, ‘काय खरे’ हे नाही, ही मांडणी मला थोडी एकांगी वाटते. काही परिस्थितींत बहुमत हा सत्याचा चांगला पुरावा असतो आणि त्यामागे गणित आहे.

१९०६ साली इंग्लंडमधील प्लिमथ येथे एका पशुप्रदर्शनात बैलाचे वजन ओळखण्याची स्पर्धा झाली होती. कापून साफ केल्यानंतर त्याचे वजन किती भरेल, ते तिकिटावर लिहून द्यायचे होते. सामान्य माणसांच्या बुद्धीविषयी ज्याला फारसा आदर नव्हता त्या फ्रान्सिस गॉल्टनने ती तिकिटे नंतर मागवून घेतली. वाचता येण्याजोग्या ७८७ अंदाजांचा मध्यक, म्हणजे ते लहानापासून मोठ्यापर्यंत मांडल्यावर मधोमध येणारा अंदाज, निघाला १,२०७ पौंड, आणि प्रत्यक्ष वजन होते १,१९८ पौंड. चूक एक टक्क्याहूनही कमी होती. गॉल्टनने हे आकडे पुढच्या वर्षी प्रामाणिकपणे प्रसिद्ध केले, याचे मला बैलाच्या वजनापेक्षा अधिक कौतुक वाटते.

त्याच्या कितीतरी आधी, १७८५ साली, कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले होते की दोन पर्यायांतून एक निवडायचा असताना प्रत्येक मतदार बरोबर असण्याची शक्यता निम्म्याहून थोडीशी जरी जास्त असेल, तर मतदारांची संख्या वाढत जाते तसे बहुमत जवळजवळ अचूक होत जाते. प्रत्येकजण १०० पैकी ६० वेळा बरोबर असेल तर १०१ जणांचे बहुमत सुमारे ९८ टक्के वेळा बरोबर येते. मात्र यात दोन अटी आहेत. प्रत्येकाने स्वतंत्रपणे विचार केलेला असला पाहिजे. सगळ्यांनी एकाच माणसाचे ऐकून मत दिले असेल तर ती १०१ मते नसून एका मताच्या १०१ प्रती आहेत. दुसरी अट अधिक भयंकर आहे. प्रत्येकाची शक्यता निम्म्याहून कमी असेल, उदाहरणार्थ एखाद्या प्रश्नावर सगळ्यांच्या मनात एकच पूर्वग्रह असेल, तर हेच गणित उलटे फिरते आणि गर्दी जितकी मोठी तितकी चूक अधिक खात्रीशीर होते.

कोंदोर्सेचा शेवट या संदर्भात सांगण्याजोगा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तो ‘राष्ट्रीय अधिवेशन’ या तेव्हाच्या प्रतिनिधीसभेचा सदस्य होता. सोळाव्या लुईला दोषी ठरवण्याच्या बाजूने त्याने मत दिले, पण देहदंडाला विरोध केला. पुढे सभेतल्या बहुमताने आणलेल्या राज्यघटनेवर टीका केल्यामुळे त्याच्या अटकेचा हुकूम निघाला, काही महिने तो लपून राहिला आणि १७९४ साली पकडला गेल्यावर कोठडीतच मरण पावला. बहुमतावरचे प्रमेय सिद्ध करणारा माणूस बहुमताविरुद्ध बोलल्यामुळे गेला.

रानवाट

गणित मान्य आहे, परंतु त्याआधीचा प्रश्न असा की मोजायचे कुणाला? स्वित्झर्लंडमध्ये १९५९ साली स्त्रियांना संघराज्याच्या पातळीवर मताधिकार द्यावा का, यावर सार्वमत घेतले गेले. सुमारे ६७ टक्के मतदारांनी नकार दिला. १९७१ साली तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला आणि सुमारे ६६ टक्क्यांनी होकार दिला. दोन्ही वेळा मत देणारे फक्त पुरुष होते. ज्यांच्या हक्काचा निर्णय चालला होता त्या दाराबाहेर उभ्या होत्या आणि आतल्या मोजणीला ‘जनतेचा कौल’ म्हटले जात होते. आपेन्झेल इनररोडन या छोट्या कँटनमधल्या, म्हणजे घटकराज्यातल्या, पुरुषांनी तर १९९० सालीही कँटनच्या कारभारात स्त्रियांना मत नाकारले आणि शेवटी संघराज्याच्या न्यायालयाला तो बहुमताचा निर्णय बाजूला सारावा लागला.

१९५९ ते १९७१ या १२ वर्षांत स्त्रियांच्या योग्यतेत तर काहीच बदल झाला नव्हता.

साक्षेप

@त्रिज्या, दुरुस्ती स्वीकारतो. स्वतंत्रपणे विचार केलेल्या माणसांचे बहुमत हा पुरावा आहे, आणि तो हलका नाही. पण तुमच्या पहिल्या अटीचा अर्थ असा निघतो की बहुमताला किंमत येते तीच मुळी त्यातल्या प्रत्येकाने स्वतःच्या मनाला साक्षीदार केले असेल तेव्हा. म्हणजे व्यक्तीची धारणा आणि समाजाचे मत हे केवळ एकमेकांचे शत्रू नाहीत. आपल्या मनाविरुद्ध जाऊन बहुमतात सामील होणारा माणूस त्या बहुमताचेच मोल कमी करतो. हे मला आधी सुचले नव्हते.

अर्धविराम

मूळ प्रश्न, म्हणजे विवेक आणि हट्ट आतून कसे ओळखायचे, याबाबत माझे उत्तर निराशाजनक आहे: आतून ओळखता येत नाही. याला माझ्याकडे एकच उदाहरण आहे, पण ते एकटे पुरेसे आहे, कारण त्यात माणूस एकच आहे आणि प्रसंग तीन आहेत.

लायनस पॉलिंग हा विसाव्या शतकातला फार मोठा रसायनशास्त्रज्ञ. अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे वातावरणात पसरणाऱ्या किरणोत्साराविरुद्ध तो १९५०च्या दशकात अमेरिकेत उभा राहिला, तेव्हा देशातले वातावरण साम्यवादाच्या भीतीने इतके तापलेले होते की १९५२ साली त्याला पारपत्र नाकारले गेले आणि लंडनच्या वैज्ञानिक सभेला जाता आले नाही. तो मागे हटला नाही. त्याने आणि त्याच्या पत्नीने जगभरातल्या ११,००० हून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून १९५८ साली संयुक्त राष्ट्रांना दिल्या. १९६३ साली चाचणीबंदीचा आंशिक करार झाला आणि त्याच वर्षी १९६२ सालचे शांततेचे नोबेल त्याला जाहीर झाले. रसायनशास्त्राचे नोबेल आधीच, १९५४ साली, मिळालेले होते. सदसद्विवेकाचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

तोच पॉलिंग १९७०पासून सांगू लागला की क जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रा घेतल्या तर सर्दी टळते, आणि पुढे पुढे, कर्करोगाच्या रुग्णांनाही आयुष्य मिळते. वैद्यकातले बहुमत त्याच्या विरुद्ध होते. १९७९ आणि १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित चाचण्यांत कर्करोगाच्या रुग्णांना त्याचा काहीही लाभ दिसला नाही. चाचण्या नीट झाल्या नाहीत, असे त्याचे म्हणणे अखेरपर्यंत कायम राहिले. तो स्वतःही ते जीवनसत्त्व रोज कित्येक ग्रॅम घेत असे, म्हणजे ढोंगाचा आरोप त्याच्यावर करता येत नाही.

तिसरा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. १९८२ साली डॅन शेख्टमन या इस्रायली शास्त्रज्ञाला एका मिश्रधातूमध्ये अणूंची अशी रचना दिसली की जी स्फटिकशास्त्राच्या तेव्हाच्या नियमांनुसार अशक्य होती. त्याला त्याच्या संशोधनगटातून जाण्यास सांगण्यात आले. दोन वर्षांनी त्याचा निबंध छापून आल्यावर त्याची जाहीर टिंगल करणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज पॉलिंगचा होता, आणि १९९४ साली मृत्यू येईपर्यंत त्याने ती रचना मान्य केली नाही. तोपर्यंत स्फटिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्फटिकाची व्याख्याच बदललेली होती. शेख्टमनला २०११ साली नोबेल मिळाले.

एकदा एकटा आणि बरोबर, एकदा एकटा आणि चूक, एकदा अधिकाराच्या खुर्चीत बसून दुसऱ्या एकट्याला चिरडणारा. माझा अंदाज असा आहे की तिन्ही वेळा पॉलिंगला आतून अगदी सारखेच वाटत असणार. आपण धारणेची तीव्रता मोजतो आणि तिला सत्याचे माप समजतो, तिथेच आपली फसगत होते.

उंबरठा

@अर्धविराम, तुमचे उदाहरण चांगले आहे, पण निष्कर्ष तुम्ही विज्ञानातून नीतीकडे फार सहज नेला आहे. जीवनसत्त्वाचा प्रश्न चाचणीने सुटतो. गुलामी वाईट आहे हे कोणत्या चाचणीने सिद्ध करणार?

अर्धविराम

चाचणी नसली तरी उलटतपासणी असतेच. गुलामीचे समर्थन करणाऱ्याला ‘तुझ्या मुलाला विकले तर चालेल का’ एवढे एकच विचारून पाहावे. नैतिक धारणा ही वस्तुस्थितीविषयीच्या कल्पनांवरही उभी असते, आणि अमुक माणसांना वेदना कमी होतात, अमुक माणसांना शिकता येत नाही, असल्या कल्पना तर तपासता येतात. तरीही तुमचा आक्षेप पूर्णपणे फेटाळता येत नाही, हे कबूल करतो.

समितीतला एक

मी सहसा इथे केवळ वाचतो. वरचा पॉलिंगचा परिच्छेद वाचून मात्र राहवले नाही, कारण माझे स्वतःचे उदाहरण त्याच्या दुसऱ्या प्रसंगासारखे आहे, फक्त नोबेल वगळून.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेत सातजणांच्या चौकशी समितीवर मी होतो. एका कर्मचाऱ्याने नोंदींमध्ये फेरफार केल्याचा आरोप होता. सहाजण त्याला काढून टाकण्याच्या बाजूने होते, मी एकट्याने विरोध केला आणि माझी असहमती इतिवृत्तात नोंदवून घेतली. त्या दिवशी घरी जाताना मला जे वाटले ते मी आजही विसरलेलो नाही. आपण ताठ उभे राहिलो, गर्दीबरोबर वाहून गेलो नाही, याचे एक ऊबदार समाधान होते. निर्णय अर्थातच माझ्याविरुद्ध गेला.

दोन वर्षांनी त्याच माणसाने दुसरीकडे नेमके तेच केल्याचे उघडकीस आले, आणि त्या चौकशीत आमच्याकडचे जुने कागदही पुन्हा बाहेर निघाले. सहाजण बरोबर होते. मी शांतपणे मागे वळून पाहिले तेव्हा लक्षात आले की मी धारिका पूर्ण वाचलेलीच नव्हती. मी त्या माणसाचा चेहरा पाहिला होता, आणि त्याहून खरे सांगायचे तर सहाजणांचा घाईचा सूर ऐकून मला त्यांच्याविरुद्ध उभे राहण्याची इच्छा झाली होती. मी साक्ष दिली, पण जे पाहिलेच नव्हते त्याची दिली.

एक गोष्ट मात्र त्या सहाजणांच्याही बाजूने जात नाही. माझा विरोध त्यांनी सौजन्याने नोंदवला आणि पुढच्या विषयाकडे वळले. तुला असे का वाटते, तू कोणत्या पानाच्या आधारावर बोलतोस, असे एकानेही विचारले नाही. विचारले असते तर दहा मिनिटांत मी उघडा पडलो असतो. ते बरोबर होते, पण त्यांचे बरोबर असणे त्या दिवशी तरी माझ्या चूक असण्याइतकेच न तपासलेले होते.

निरीक्षक

गर्दीचा दाब कसा काम करतो यावर सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत, आणि ते बहुधा चुकीच्या पद्धतीने सांगितले जातात. एका खोलीत बसलेल्या गटाला रेषा दाखवून कोणती रेषा नमुन्याएवढ्या लांबीची आहे ते विचारले जाई. एक सोडून बाकीचे सगळे प्रयोगकर्त्याचे साथीदार असत आणि १८ पैकी १२ वेळा ते एकमुखाने उघड चुकीचे उत्तर देत. खरा सहभागी बहुधा शेवटी किंवा शेवटून दुसरा बोले. जवळपास तीन चतुर्थांश सहभागींनी निदान एकदा तरी गर्दीची री ओढली. माणूस मेंढरू आहे हे सांगण्यासाठी हा आकडा वापरला जातो. परंतु सगळी उत्तरे एकत्र मोजली तर सुमारे दोन तृतीयांश वेळा लोक गर्दीविरुद्ध जाऊन बरोबर उत्तर देत होते आणि सुमारे एक चतुर्थांश लोक एकदाही नमले नाहीत.

या धाग्याच्या दृष्टीने मला त्यातल्या दोन छोट्या फेरफारांचे महत्त्व अधिक वाटते. गटात आणखी एकच माणूस खरे उत्तर देणारा ठेवला की गर्दीला शरण जाण्याचे प्रमाण मूळच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर येई. आणि उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहू दिले की तेव्हाही दाब बराच ओसरे. म्हणजे पुष्कळांना रेषा नीट दिसत होती. फक्त ती दिसते असे पहिल्याने म्हणायला कुणी नव्हते. एकट्या माणसाने स्वतः बरोबर असणे हा त्याच्या बोलण्याचा एक उपयोग झाला. दुसऱ्या कुणाला बोलायला मोकळीक मिळणे हा दुसरा, आणि त्यासाठी त्याचे उत्तर बरोबरच असावे लागते असेही नाही, कारण ॲशच्या काही प्रयोगांत गर्दीहून वेगळे पण चुकीचेच उत्तर देणारा भिडू ठेवला तरीही सहभागींची शरणागती घटली होती. समितीतल्या सदस्यांना याने थोडा दिलासा मिळावा.

उंबरठा

सगळी चर्चा बरोबर की चूक यावर फिरते आहे. किंमत कोण मोजतो, यावर कुणी बोललेले नाही.

फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला एक साधा शेतकरी होता. १९३८ साली जर्मनीत विलीन होण्यावर झालेल्या सार्वमतात त्याच्या गावातून विरोधी मत देणारा तो एकटा होता, आणि गावाने तेही मत दडपून आपला कौल शंभर टक्के असल्याचे वर कळवले. पुढे सैन्यात बोलावणे आले तेव्हा त्याने हिटलरसाठी शस्त्र धरण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करायची तयारी त्याने दाखवली होती, ती मानली गेली नाही. धर्मगुरूंनी, अगदी बिशपनेही, त्याला कुटुंबाकडे पाहायला सांगितले होते. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. मागे पत्नी आणि तीन लहान मुली राहिल्या. युद्ध संपल्यावरही, १९५०पर्यंत, त्याच्या पत्नीला विधवांचे निवृत्तिवेतन मिळाले नाही, आणि नवऱ्याला तिनेच धर्माच्या नादी लावले असा ठपका गावकरी तिच्यावर ठेवत राहिले.

तो बरोबर होता, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण साक्ष त्याने दिली आणि तिची किंमत त्याच्यापेक्षा जास्त वर्षे तिने भरली. एकट्याची धारणा असे आपण म्हणतो तेव्हा हा ‘एकटा’ शब्द मला खटकतो.

साक्षेप

@उंबरठा, तुम्ही म्हणता ते खरे आहे आणि त्याला माझ्याकडे प्रत्युत्तर नाही. एवढेच नमूद करतो की त्याच्या पत्नीने सुरुवातीला त्याचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता आणि नंतर ती त्याच्या बाजूने उभी राहिली. म्हणजे त्या घरात दोन साक्षीदार होते. याने तिचे पुढचे दिवस हलके झाले नसतील.

गुलामीचा उल्लेख वर आला आहे, त्यावरून ज्या दोन माणसांविषयी मी गेले काही महिने विचार करतो आहे ती आठवली. दोघेही अठराव्या शतकातले, अमेरिकेतल्या क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचे. त्या काळी या पंथातले अनेक प्रतिष्ठित लोक गुलाम बाळगून होते.

बेंजामिन ले हा अवघा चार फूट उंचीचा, पाठीला कुबड असलेला माणूस. १७३८ साली न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टन येथे भरलेल्या पंथाच्या सभेत तो उभा राहिला, अंगरखा काढून खालचा लष्करी पोशाख दाखवला, आणि एका पोकळ पुस्तकात तलवार खुपसली. आत जंगली फळांच्या लाल रसाने भरलेली पिशवी लपवलेली होती. जवळ बसलेल्या गुलामांच्या मालकांवर ‘रक्ता’चे शिंतोडे उडाले. त्याला पंथातून बाहेर काढण्यात आले. गुलामांच्या श्रमातून आलेली कोणतीही वस्तू वापरायची नाही म्हणून तो स्वतः कातलेले कपडे घालून एका गुहेवजा घरात राहत असे.

दुसरा जॉन वुलमन. त्याच्या धारणेची सुरुवात पराभवाने झाली, म्हणून तो मला अधिक जवळचा वाटतो. तो तरुणपणी एका दुकानात काम करीत असताना मालकाने त्याला एका काळ्या स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहायला सांगितला. आत काहीतरी अडखळले, तरीही त्याने तो लिहिला. त्यानंतर अशा प्रकारचे कागद आणि गुलाम वारसाहक्काने देणारी मृत्युपत्रे लिहिण्यास त्याने नकार द्यायला सुरुवात केली. पुढे तो वर्षानुवर्षे गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी पाहुणा म्हणून जात राहिला, त्यांच्याशी शांतपणे बोलत राहिला, आणि निघताना आपली सेवा केलेल्या गुलामांना मोबदला देत असे. यजमानाला अपमान वाटावा इतके ते कृत्य स्पष्ट होते आणि बोलणे थांबू नये इतके सौम्यही होते.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना पंथाच्या कारभारातून वगळायचे ठरले. ती बातमी कानावर आली तेव्हा ले म्हातारा झाला होता. पुढच्याच वर्षी तो गेला. गुलाम बाळगण्यावरच पूर्ण बंदी यायला १७७६ साल उजाडले, तेव्हा वुलमनही हयात नव्हता. क्वेकरांच्या सभेत मते मोजत नाहीत. सभेचा कल स्पष्ट होईपर्यंत बोलत आणि थांबत राहतात. ही पद्धत फार संथ आहे आणि त्या संथपणाचे व्याज प्रत्येक वर्षी गुलामांनी भरले, हे विसरून तिचे कौतुक करता येणार नाही.

कोणाचा मार्ग बरोबर, असे मला अनेकांनी विचारले आहे. ले नसता तर वुलमनचे सौम्य बोलणे कुणी ऐकले असते का, याविषयी मला शंका आहे. परंतु माझ्या मूळ प्रश्नापुरते पाहिले तर वुलमनमध्ये मला साक्षीदार दिसतो. तो ज्यांच्याविरुद्ध साक्ष देत होता त्यांच्याच दिवाणखान्यात जाऊन बसत होता आणि त्यांना हवे ते विचारू देत होता. @समितीतला एक, तुमच्या सहकाऱ्यांनी तुम्हाला प्रश्न विचारले नाहीत, हे वाचताना मला तो दिवाणखाना आठवत होता.

त्रिज्या

वुलमनचे उदाहरण पटते, पण एक सावधगिरी. आपण सगळी उदाहरणे अशी निवडतो आहोत की शेवटी एकटा बरोबर ठरला. जे एकटे चूक ठरले त्यांची नावे इतिहासात उरतच नाहीत, पॉलिंगसारखी आधीच मोठी असली तरच उरतात. ही निवड आपल्याला एकट्या माणसाविषयी गरजेपेक्षा जास्त हळवे करते. समितीतल्या सदस्यांचा प्रतिसाद या धाग्यात नसता तर हे माझ्याही ध्यानात आले नसते.

समितीतला एक

निरीक्षक यांच्या दिलाशाबद्दल आभार, मात्र त्या खोलीत माझ्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलायला मोकळीक मिळाल्याचे काही मला आठवत नाही.

साक्षेप यांचा प्रतिसाद वाचून काल ते जुने इतिवृत्त काढून पाहिले. माझी असहमती चार ओळींत नोंदवलेली आहे, खाली माझी सही आहे, आणि त्या चार ओळींत कारण म्हणून एकही कागद नमूद केलेला नाही. संमत झालेले इतिवृत्त बदलता येत नाही, आणि बदलूही नये. पुढच्या बैठकीत अध्यक्षांच्या परवानगीने मी एक निवेदन नोंदवायला सांगणार आहे, की त्या प्रकरणात माझे मत चुकले होते आणि धारिकेची अमुक अमुक पाने मी त्या वेळी वाचलेली नव्हती. पाने आज रात्री वाचून काढतो, म्हणजे निवेदनात त्यांचे क्रमांक तरी बरोबर येतील.